तिरकी रेघ

मंगळवार, इंदूर

कॉलेजातून आल्यापासून एकच चित्र उघडून बसलोय. वास्प-३३ या ताऱ्याचं, २०१० साली छापलेलं. करड्या पार्श्वभूमीवर बारीक रेघा, सगळ्या एकाच अंगाला कललेल्या. आणि त्यांना छेद देत एक ठळक रेघ उलट्या अंगाला. ती रेघ म्हणजे ग्रह!

ग्रहाच्या ओढीनं तारा किंचित डुलतो, वर्णपटातल्या काळ्या रेषा मागेपुढे सरकतात आणि चोरी पकडली जाते, हे मी दरवर्षी वर्गात सांगतो. १९९५ साली ५१ पेगासी या ताऱ्याचा ग्रह असाच सापडला. पण स्वतःभोवती फिरताना सूर्याचं विषुववृत्त सेकंदाला जेमतेम २ किलोमीटर सरकतं, आणि या पठ्ठ्याचा, वास्प-३३ चा, नुसता आपल्याला जाणवणारा वेगच सुमारे ८६. एक कड आपल्याकडे झेपावते, दुसरी लांब पळते. रेषा ओल्या कागदावरच्या शाईसारखी फिसकटते. तिच्यात सेकंदाला काहीशे मीटरचं डुलणं कुठं शोधायचं?

गंमत अशी की कक्षा कळते ती या फिसकटण्यामुळेच. ग्रह ताऱ्यापुढून जाताना ज्या भागावर असेल तेवढाच प्रकाश अडवतो, म्हणून पसरट रेषेत नेमक्या त्या वेगापाशी छोटासा उंचवटा येतो. ग्रह सरकला की उंचवटाही सरकतो; क्षणाक्षणाच्या रेषा एकावर एक रचल्या की चित्रातली तिरकी रेघ उमटते. तो कुठल्या टोकाकडून निघाला, मध्य कुठं ओलांडला, यावरून कक्षा किती कललेली ते निघतं. वास्प-३३ चा ग्रह तर ताऱ्याच्या फिरण्याच्या उलट धावतो; एक फेरी सव्वा दिवसाच्या आत!

भाचा मागून डोकावला. ‘मामा, बाकीच्या रेघा कसल्या?’ ताऱ्याच्या स्वतःच्या स्पंदनांच्या, म्हटलं. त्या फिरण्याच्याच दिशेनं सरकतात, म्हणून ग्रहाची उलटी रेघ वेगळी काढता येते. ‘लोचा भी उसका, जुगाड भी उसका,’ म्हणाला. यापेक्षा बरं मला वर्गात कधी सांगता आलेलं नाही.

२००८ आणि २०१४ ची निरीक्षणं जुळवली तर रेघ जागची हललेली निघाली. गरगर फिरून तारा कमरेशी फुगतो आणि त्या फुगीर भागाच्या ओढीनं कक्षेचं प्रतलच हळूहळू वळतं.

तारा आहे देवयानी तारकासमूहात, आठव्या प्रतीचा, म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसणार नाही इतका मंद. आमच्या गल्लीतल्या हायमास्टखाली कसला दिसतोय! शनिवारी दुर्बीण घेऊन इंदूरबाहेर जानापावच्या टेकडीवर जायचं ठरलंय. गाडी भाचा चालवणार, पेट्रोल माझं.