मीटरवरचा आकडा आणि आमचं घर

"शुगर मुलीला, मग काउन्सेलिंग आईला कशाला?" हा प्रश्न मला जवळच्या माणसांनीच विचारला. त्याचं उत्तर दोन वाक्यांत देता येत नाही, म्हणून हे सविस्तर लिहायला घेतलं. ज्यांच्या घरात टाइप १ मधुमेहाचं मूल आहे त्यांना यातलं बरंचसं ओळखीचं वाटेल. बाकीच्यांनी जरा धीर धरून वाचा.

माझी लेक नऊ वर्षांची असताना अचानक वाळायला लागली. सतत तहान, रात्रीतून कितीदा तरी लघवीला उठणं, शाळेचा गणवेश अंगावर लोंबायला लागला. हॉस्पिटलात बोट टोचलं तेव्हा मीटरवर आकडाच आला नाही, मोजता येणार नाही इतकी शुगर वाढली होती. टाइप १ मध्ये शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते. गोड खाण्याचा, लाडांचा, आईनं गरोदरपणात काय खाल्लं याचा त्याच्याशी काहीही संबंध नसतो. डॉक्टरांनी हे पहिल्याच दिवशी नीट समजावून सांगितलं होतं. पण भेटायला येणारा प्रत्येक जण, हातात नारळपाण्याची बाटली ठेवता ठेवता, एकच विचारायचा: "चॉकलेटं फार खायची का हो?" उत्तर देऊन देऊन जीभ थकली. आणि कधीतरी तोच प्रश्न माझ्या डोक्यात माझ्याच आवाजात सुरू झाला.

मी नाशिकला ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवते. आकडा दिसला की बरोबर की चूक हे आधी ठरवायचं, ही सवय इतक्या वर्षांत अंगात मुरलेली. मीटरवर १२० आलं की दिवस चांगला. २८६ आलं की मी नापास. पोळी मोठी लाटली असेन, भाताचा अंदाज चुकला असेल, इन्सुलिन जेवणाच्या पंधरा मिनिटं आधी द्यायला हवं होतं ते पाचच मिनिटं आधी दिलं. खरं तर शुगर वर-खाली व्हायला जेवण हे अनेक कारणांपैकी एक. वयात येताना हार्मोन्समुळे इन्सुलिन नीट काम करत नाही. पहाटे शरीर आपोआप साखर सोडतं. पाळीच्या आधी आकडे चढू शकतात. एकाच जागी सुई टोचत राहिलं की तिथे गाठ येते आणि औषध धड शोषलं जात नाही. सर्दी, परीक्षेचं टेन्शन, उन्हात तापलेलं इन्सुलिन, एक ना दोन. हे सगळं मला पाठ होतं. पाठ असून उपयोग नव्हता, कारण रात्री अंथरुणावर पडल्यावर आठवायची ती फक्त पोळी.

लेक चौदाची झाली तेव्हा तपासणीच्या वेळी एक गोष्ट समोर आली. तिच्या वहीतले आकडे आणि मीटरच्या मेमरीतले आकडे जुळत नव्हते. वहीत सगळं १३०, १४५, १२८. मीटरमध्ये २४०, ३१०, ६५. डॉक्टर तिच्यावर रागावले नाहीत. तिला बाहेर बसवून मला म्हणाले, "या वयात पुष्कळ मुलं असं करतात. पण ती वही माझ्यासाठी लिहीत नाहीये, तुमच्यासाठी लिहितेय." मग एका मानसशास्त्रज्ञांचा नंबर दिला आणि आधी तुम्ही जा, म्हणाले.

मला वाटलं होतं, तिथे गेलं की कोणीतरी धीर देईल, चार युक्त्या सांगेल. तसं काही झालं नाही. त्या माझ्यापेक्षा वयानं लहान, मला ताई म्हणतात. सुरुवातीला त्यांनी मला गृहपाठ दिला. आडव्या कागदावर रकाने आखायचे: काय घडलं, मनात काय आलं, काय वाटलं आणि शंभरपैकी किती, त्या विचाराच्या बाजूनं पुरावा काय, विरुद्ध काय. ही पद्धत अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ आरन बेक यांनी १९६० च्या दशकात मांडलेल्या उपचारपद्धतीतली आहे. मला ती आवडली, कारण पुरावा मागणं हा माझा पेशाच. 'माझ्यामुळे शुगर वाढली' या विधानाला पुराव्याच्या रकान्यात फारसं काही मिळायचं नाही. कागदावर मी सुटायचे. पण मग जीव हलका व्हायला हवा ना? तो होत नव्हता. शंभरपैकी नव्वद वाटणारं दुःख ऐंशीवर यायचं आणि तिथेच बसायचं.

हे त्यांना सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "आता एक पत्र लिहा. तुमच्या धाकट्या बहिणीच्या मुलीला टाइप १ आहे, आज तिची २८६ आलीय आणि बहीण रडतेय असं समजा."

पत्र मी सहज लिहिलं. 'अगं, तू केवढं करतेस. रात्री उठतेस, डबा मोजून देतेस, नोकरी सांभाळतेस. एक आकडा वर गेला म्हणून काय झालं, दोन तासांनी परत बघू. तू आधी जेवलीस का?' असंच काहीतरी. पान भरलं. पुढच्या वेळी त्यांनी ते माझ्याच हातात दिलं आणि बहिणीच्या जागी स्वतःचं नाव घालून मोठ्यानं वाचायला सांगितलं. पहिल्या ओळीपुढे मला जाता आलं नाही. 'तू केवढं करतेस' हे स्वतःला म्हणताना घशात आवंढा आला. तीच वाक्यं, तोच आकडा, तीच परिस्थिती. बहिणीला जे इतक्या सहज द्यायला तयार होते, त्यातलं एक वाक्य मला स्वतःसाठी खरं वाटत नव्हतं.

मी तेव्हा त्यांच्याशी वाद घातला, आणि तो वाद मला अजूनही महत्त्वाचा वाटतो, कारण अनेक आयांच्या मनात तोच असतो. मी म्हटलं, स्वतःला असं गोंजारत बसले तर मी ढिली पडेन, आणि माझ्या ढिलाईची किंमत पोर मोजेल. रागावते म्हणून तर सगळं वेळेवर होतं. आपल्याकडे धाक असल्याशिवाय कोणी सुधारत नाही असंच आपण ऐकत मोठे होतो. वर्गात, घरात, आणि मग स्वतःच्या डोक्यात.

त्यांनी मला एका अभ्यासाबद्दल सांगितलं. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला मधुमेह असलेल्या ६३ प्रौढ रुग्णांवर तो झाला, २०१६ मध्ये 'डायबेटिस केअर' या नियतकालिकात छापून आला. निम्म्यांना आठ आठवडे स्वतःशी मायेनं वागण्याचं प्रशिक्षण दिलं, बाकीच्यांचे नेहमीचे उपचार चालू ठेवले. प्रशिक्षण घेतलेल्यांचं नैराश्य आणि मधुमेहाचा मानसिक ताण कमी झाला. आणि त्यांची एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी तपासणी, जवळजवळ एक टक्का खाली आली. पुढच्या तीन महिन्यांनंतरही ती सुधारणा टिकून होती. अभ्यास लहान आहे, आणि तो रुग्णांवर आहे, आयांवर नाही, हे मला कळतं. तरी ते वाचून माझा हट्ट सुटला. ते लोक ढिले पडले नव्हते.

हा विषय संशोधनात आणण्याचं मोठं काम टेक्सास विद्यापीठातल्या क्रिस्टिन नेफ यांनी केलं, २००३ पासून. त्या तीन गोष्टी सांगतात: स्वतःशी मायेनं बोलणं, जे दुखतंय ते न वाढवता न दडपता बघणं, आणि असं दुखणं इतरांच्याही वाट्याला येतं हे लक्षात ठेवणं. मला सगळ्यात जास्त उपयोग तिसऱ्या गोष्टीचा झाला. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ च्या अंदाजाप्रमाणे भारतात वीस वर्षांखालची टाइप १ ची मुलं-मुली सव्वादोन लाखांहून जास्त आहेत. म्हणजे रात्री तीनला गजर लावून उठणारी आई मी एकटी नाही. मालेगावात कुणी उठली असेल, सिन्नरला कुणी, चेन्नईत कुणी.

याचा खरा कस लागतो तो हायपोच्या वेळी, म्हणजे शुगर फार खाली जाते तेव्हा. शुगर ७० च्या खाली गेली की पंधरा ग्रॅम साखर द्यायची, पंधरा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा तपासायचं. आमच्याकडे तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून देतो. रात्री अर्धवट झोपेत लेक ते पिते, तिचं कपाळ घामानं थंडगार झालेलं असतं, आणि मग ती पंधरा मिनिटं सुरू होतात. करण्यासारखं काही उरलेलं नसतं. पूर्वी मी तेवढ्यात संध्याकाळपासूनचा सगळा हिशोब मांडायचे: डोस कुणी ठरवला, ती खेळून आली होती तर कमी का केला नाही, दुधाचं का विसरलं. मीटरवर ९४ येईपर्यंत मी थरथरत असायचे आणि पुढचा तासभर झोप लागायची नाही.

थेरपीत या पंधरा मिनिटांवरच आम्ही फार वेळ काम केलं. आता मी तिच्या पलंगाच्या कडेला बसते, एक हात तिच्या पाठीवर, एक स्वतःच्या छातीवर. मनात म्हणते, 'हे अवघड आहे. भीती वाटतेय. जे करायचं ते केलंय.' एवढंच. पहिल्यांदा मला हे नाटकी वाटलं होतं. करत राहिल्यावर जाणवलं की श्वास पोटापर्यंत जातोय, आणि दुसरी स्ट्रिप लावताना हात स्थिर आहे. डोस का जास्त झाला याचा विचार मी अजूनही करते. तो सकाळी चहानंतर, वही घेऊन, आणि आता लेकीला सोबत घेऊन.

नवऱ्याबद्दल लिहू की नको असं होत होतं. त्याला विचारलं, लिही म्हणाला. मला कायम वाटायचं की याला काही पडलेलं नाही. मीटर वाजलं की हा उठून गॅलरीत जायचा. एका सेशनला माझ्या मानसशास्त्रज्ञांनी त्यालाही बोलावलं. बराच वेळ तो इकडचं-तिकडचं बोलला, आणि मग म्हणाला, "मला आकडा बघायची भीती वाटते. आणि बघितला तरी ही मला डोस ठरवू देणार नाही." त्याच्या भीतीला भीती म्हणून मी पहिल्यांदाच पाहिलं. स्वतःच्या भीतीशी थोडं सलोख्यानं बोलायला शिकले होते, म्हणून ती समोर दिसली तेव्हा ओळखता आली, असं मला मनापासून वाटतं. आता रात्री वाटून घेतल्यात. त्याच्या रात्री मी उठत नाही. तो भाताचं वजन माझ्यापेक्षा चोख करतो.

अंगावर लावायचा, सतत शुगर मोजणारा सेन्सर घेतल्यावर डॉक्टरांनी एक लक्ष्य सांगितलं: शुगर ७० ते १८० च्या मध्ये ७० टक्क्यांहून जास्त वेळ. मी लगेच हिशोब केला. म्हणजे दिवसातले सात तास बाहेर गेले तरी जगभरातले तज्ज्ञ त्याला चांगलं म्हणतात. हे मी फळ्यावर लिहावं तसं स्वयंपाकघरात फ्रिजवर लिहून ठेवलंय. सासूबाईंनाही समजावून सांगितलं. त्यांनी गणपतीत एका मोदकाच्या सारणातला गूळ स्वतः वजनकाट्यावर मोजून दिला, आणि नातीला सगळ्यांबरोबर पाटावर बसवून तो खाऊ घातला.

खर्चाचं म्हणाल तर आमच्याकडे एका सेशनला हजाराच्या पुढे जातात, आणि सेन्सर, स्ट्रिप, इन्सुलिन यांच्यावर हे परवडणं सोपं नाही. ज्यांना जमणार नाही त्यांनी निदान टेलिमानसच्या १४४१६ वर फोन करून बघावा. ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे, चोवीस तास चालू असते, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. मुलाच्या डॉक्टरांनाही सरळ विचारा. टाइप १ च्या मुलांच्या उपचारात मानसिक आधार हवाच, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट म्हटलंय, तेव्हा हे मागण्यात संकोच नको.

लेक पुढच्या महिन्यात शाळेच्या सहलीला रायगडावर चाललीय, माझ्याशिवाय पहिल्यांदाच. दोन इन्सुलिन पेन, जास्तीच्या सुया, साखरेच्या पुड्या, बिस्किटं, थंड पिशवी, सगळी यादी तिनंच केली. चढणीच्या दिवशी डोस किती कमी करायचा ते तिनं स्वतः डॉक्टरांना फोन करून विचारलं. बाईंना हायपोची लक्षणं समजावून आलीय. आणि आमचं दोघींचं ठरलंय की ती मला दर वेळचा आकडा पाठवणार नाही. रात्री फोन करेल तेव्हा मी आधी गडाबद्दल विचारायचं, ही तिची अट आहे.