ब्रिज कोर्स गेला, कलम ३२ आले

२ जानेवारी २०१८ रोजी आईचा गुडघा दाखवायला म्हणून आम्ही एका खासगी रुग्णालयात गेलो, तेव्हा बाह्यरुग्ण विभागाच्या दाराला कुलूप आणि त्यावर संपाची सूचना होती. इंडियन मेडिकल असोसिएशनने त्या दिवशी सकाळी सहा ते संध्याकाळी सहा असा देशव्यापी बंद पुकारला होता आणि त्याला निमित्त होते चारच दिवसांपूर्वी, २९ डिसेंबरला, लोकसभेत मांडल्या गेलेल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग विधेयकाचे. आम्ही रिक्षाने घरी परतलो. संध्याकाळच्या बातम्यांत कळले, की लोकसभेने विधेयक संसदीय स्थायी समितीकडे पाठवले आणि असोसिएशनने बंद मुदतीआधीच मागे घेतला. विधेयक ना फेटाळले गेले होते, ना मागे घेतले गेले होते. ते केवळ एका समितीकडे गेले होते आणि तेवढ्यावर देशभरातील डॉक्टर कामावर परतले होते, याचे मला नवल वाटले. त्या नवलापोटी मी या विधेयकाचा माग काढू लागलो, तो पुढे बराच काळ सुटला नाही.

हे विधेयक का आले, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. वैद्यकीय शिक्षण आणि डॉक्टरांची नोंदणी यांवर १९५६ च्या कायद्याखालची भारतीय वैद्यक परिषद देखरेख करीत असे. तिचे बरेचसे सदस्य डॉक्टरांनीच निवडून दिलेले असत. म्हणजे ज्यांच्यावर लक्ष ठेवायचे, तेच लक्ष ठेवणाऱ्यांना निवडणार. २०१० च्या एप्रिलमध्ये परिषदेच्या तत्कालीन अध्यक्षांना लाचखोरीच्या आरोपावरून अटक झाली आणि मे महिन्यात सरकारने वटहुकूम काढून परिषद बरखास्त केली. त्यानंतर २०११ मध्ये राज्यसभेत मांडलेले आरोग्य मनुष्यबळ आयोगाचे विधेयक स्थायी समितीनेच नापसंत केले आणि सरकारला नवे विधेयक आणण्यास सांगितले. काही वर्षांनी परिषद पुन्हा निवडून आली आणि कारभार मूळ पदावर गेला. २०१६ च्या मार्चमध्ये आरोग्यविषयक स्थायी समितीने परिषदेच्या कारभारावर अतिशय कठोर अहवाल दिला. मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने माजी सरन्यायाधीश लोढा यांच्या अध्यक्षतेखाली देखरेख समिती नेमली. आणि नीती आयोगाचे तेव्हाचे उपाध्यक्ष अरविंद पनगढिया यांच्या समितीने निवडून आलेल्या परिषदेऐवजी नियुक्त आयोगाचा मसुदा तयार केला. हाच मसुदा वाढत, बदलत २०१७ अखेर लोकसभेत पोहोचला.

तेव्हाचे आरोग्यमंत्री जगतप्रकाश नड्डा यांनी मांडलेल्या या विधेयकातले कलम ४९ डॉक्टरांना सर्वाधिक झोंबले. आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी आदी पद्धतींच्या पदवीधरांना एक ब्रिज कोर्स, म्हणजे पूरक जोडअभ्यासक्रम, करून मर्यादित प्रमाणात आधुनिक औषधे देण्याची मुभा त्यातून मिळू शकत होती. महाराष्ट्रातील वाचकाला यात फारसे नवे वाटणार नाही, कारण आपल्या राज्याने २०१४ मध्येच कायद्यात दुरुस्ती करून, औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या होमिओपॅथी डॉक्टरांना ॲलोपॅथीची औषधे देण्याची वाट मोकळी केली होती. आमच्या गावच्या दवाखान्यात तर त्याच्या कितीतरी आधीपासून होमिओपॅथीची पदवी भिंतीवर आणि प्रतिजैविकांची पाकिटे कपाटात, असा सुखाचा संसार चालत आलेला आहे.

आता त्या समितीविषयी. खातेनिहाय स्थायी समित्या आपल्या संसदेत १९९३ पासून आहेत. प्रत्येकीत ३१ सदस्य असतात, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे. बैठका बंद दाराआड होतात. तिथे कॅमेरा नसल्यामुळे भाषण ठोकण्याचा मोह नसतो आणि पक्षादेशही नसतो. मंत्रालयाचे सचिव, डॉक्टरांच्या संघटना, विद्यार्थी, राज्य सरकारे अशा सगळ्यांना बोलावून त्यांचे म्हणणे नोंदवले जाते. समितीच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात, म्हणून अनेकांना हे सारे वेळकाढूपणाचे वाटते. मलाही तसेच वाटत असे, पण या विधेयकावरचा समितीचा १०९ वा अहवाल वाचल्यावर माझे मत बदलले.

२० मार्च २०१८ रोजी सादर झालेल्या या अहवालात समितीने ब्रिज कोर्स सक्तीचा नसावा आणि तो निर्णय राज्यांवर सोडावा, असे सुचवले. एमबीबीएस झाल्यानंतर परवान्यासाठी आणखी एक स्वतंत्र परीक्षा घेण्याऐवजी ती शेवटच्या वर्षाच्या परीक्षेतच विलीन करावी, असेही तिचे म्हणणे होते. सरकारने ऐकले, तेही अवघ्या आठ दिवसांत. २८ मार्चला मंत्रिमंडळाने ब्रिज कोर्सचे कलम काढून टाकले, अंतिम वर्षाची परीक्षा देशभर एकच आणि तीच परवान्याची परीक्षा, असे ठरवले, आणि खासगी महाविद्यालयांतील ज्या जागांचे शुल्क आयोगाच्या मार्गदर्शनाखाली येणार होते त्यांचे प्रमाण ४० वरून ५० टक्क्यांवर नेले. हे सारे संपामुळे झाले असे म्हणणे सोपे आहे, पण संपाने फक्त दार उघडले. आत जाऊन कलमावर कलम वाचण्याचे काम समितीने केले.

एवढे होऊनही विधेयक लोकसभेत पुढे सरकलेच नाही. २०१८ चे वर्ष सरले आणि २०१९ च्या मे महिन्यात सोळावी लोकसभा विसर्जित झाल्यावर ते व्यपगत झाले. राज्यघटनेच्या अनुच्छेद १०७ नुसार लोकसभेत प्रलंबित असलेले विधेयक त्या लोकसभेबरोबरच मरते. राज्यसभेत प्रलंबित असलेले आणि लोकसभेने अद्याप संमत न केलेले विधेयक मात्र जिवंत राहते. विधेयक आधी कोणत्या सभागृहात मांडायचे, या वरवर किरकोळ वाटणाऱ्या निवडीवर कधीकधी वर्षांचे काम अवलंबून असते. दरम्यान सरकारने सप्टेंबर २०१८ मध्ये वटहुकुमाने परिषद पुन्हा बरखास्त केली. त्याची जागा घेणारे विधेयक राज्यसभेत अडकले, म्हणून जानेवारीत दुसरा आणि फेब्रुवारीत तिसरा वटहुकूम काढावा लागला. वटहुकूम हा संसदेच्या दोन अधिवेशनांमधल्या अडचणीसाठी असतो. एकाच कामासाठी पाच महिन्यांत तीन वटहुकूम निघतात, तेव्हा अडचण वेळेची नसून बहुमताची असते.

निवडणुकीनंतर मात्र सारे झपाट्याने घडले. नवे आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन यांनी २२ जुलै २०१९ रोजी विधेयक लोकसभेत मांडले आणि २९ जुलैला ते २६० विरुद्ध ४८ मतांनी संमत झाले. सतराव्या लोकसभेच्या स्थायी समित्या तोवर बनल्याच नव्हत्या, त्यामुळे नवा मसुदा कोणाही समितीसमोर गेला नाही. जुन्या समितीने पाहिलेच आहे, हा युक्तिवाद अर्धाच खरा होता. नव्या मसुद्यात ब्रिज कोर्स नव्हता, पण कलम ३२ होते, आणि त्यानुसार ‘समुदाय आरोग्य सेवा देणारे’ अशा एका नव्या वर्गाला मध्यम स्तरावर मर्यादित परवाना देता येणार होता; त्यांची संख्या नोंदणीकृत डॉक्टरांच्या एकतृतीयांशापर्यंत जाऊ शकत होती. खेड्यांना अशा माणसांची गरज आहे, हे मी अमान्य करणार नाही. माझी तक्रार इतकीच, की कोणाला, कोणत्या प्रशिक्षणानंतर आणि कोणाच्या देखरेखीखाली, हे प्रश्न ज्या खोलीत शांतपणे विचारले जातात, त्या खोलीत हे कलम कधी गेलेच नाही. पंधराव्या लोकसभेत सुमारे ७१ टक्के विधेयके समित्यांकडे गेली होती. सतराव्या लोकसभेत हे प्रमाण १६ टक्क्यांवर आले.

३१ जुलैला डॉक्टरांनी पुन्हा संप केला. या वेळी चोवीस तासांचा. विधेयक थांबले नाही. १ ऑगस्टला राज्यसभेने ते संमत केले, पण एका लक्षणीय दुरुस्तीसह. आयोगावरील राज्यांचे प्रतिनिधी सहावरून दहा आणि राज्य वैद्यक परिषदांचे सदस्य पाचावरून नऊ झाले, त्यामुळे पंचवीस जणांचा आयोग तेहतीस जणांचा झाला. आरोग्य हा राज्यसूचीतला आणि वैद्यकीय शिक्षण हा समवर्ती सूचीतला विषय असल्याने राज्यांच्या सभागृहाने राज्यांसाठी आठ खुर्च्या मिळवाव्यात, हे योग्यच झाले. दुरुस्ती झाल्यामुळे विधेयक पुन्हा लोकसभेकडे गेले आणि ५ ऑगस्टला लोकसभेने ती मान्य केली. त्या दिवशी राज्यसभेत काश्मीर आणि अनुच्छेद ३७० चा प्रस्ताव आला होता. वैद्यकीय आयोगाची बातमी शोधायला मला दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्राची आतली पाने उलटावी लागली. ८ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली. आयोग प्रत्यक्षात आला २५ सप्टेंबर २०२० रोजी, म्हणजे आणखी तेरा महिन्यांनी.

माझ्या भाचीने नेमक्या २०१९ च्या त्याच ऑगस्टमध्ये एमबीबीएसला प्रवेश घेतला होता. कायद्याप्रमाणे ती सामायिक अंतिम परीक्षा, म्हणजे ‘नेक्स्ट’, तीन वर्षांत सुरू व्हायची होती; २०२२ मध्ये सरकारने ही मुदत एक वर्षाने वाढवली, आणि भाचीच्या तुकडीला परीक्षा द्यावी लागणार, असे जाहीर झाले. तिने नव्या पद्धतीचे जाडजूड सरावसंच आणले. मग २०२३ च्या जुलैत आयोगाने पुढील आदेशापर्यंत परीक्षा लांबणीवर टाकली, आणि भाचीने अखेर विद्यापीठाची जुनीच परीक्षा देऊन पदवी घेतली. इकडे महाराष्ट्रात २०२५ मध्ये तो औषधशास्त्राचा अभ्यासक्रम केलेल्या होमिओपॅथी डॉक्टरांची राज्याच्या वैद्यक परिषदेकडे स्वतंत्र नोंद करण्यावरून डॉक्टरांनी पुन्हा संप केला. तेव्हा भाची आंतरवासिता संपवून पदव्युत्तर प्रवेशाच्या अभ्यासाला बसली होती. तिचे ते सरावसंच अजून आमच्याकडे माळ्यावर आहेत. परीक्षेची तारीख लागली, तर पुढच्या तुकडीतल्या कोणाला तरी द्यायचे, असे तिने सांगून ठेवले आहे.