चूक दुसऱ्याची, गाडी आपली: भरपाई आणि दुरुस्तीचा माझा अनुभव

जळगाव-भुसावळ रस्त्यावर थांबलेल्या माझ्या गाडीला मालवाहू पिकअपने मागून ठोकलं. कोणाला लागलं नाही आणि चूक कोणाची यावर वादही झाला नाही. पण चूक मान्य होणं वेगळं आणि दुरुस्तीचे पैसे हातात पडणं वेगळं.

आपल्याकडे गर्दी जमली की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "जाऊ द्या ना भो, दोन-तीन हजार घ्या आन् मिटवा." बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. त्याला फक्त चेपलेला बंपर दिसतो. बंपरचं कव्हर प्लास्टिकचं असल्याने ते दबून पुन्हा फुगतं आणि नुकसान मागे लपून राहतं. आत लोखंडी बीम असतो, बाजूला कव्हर धरणारे ब्रॅकेट असतात, त्यामागे टेल पॅनल आणि डिकीचा फ्लोअर. स्टेपनी काढून फ्लोअर बघा. पत्र्याला सुरकुती पडली असेल किंवा जोडावरचं सीलर तडकलं असेल, तर पावसाळ्यात तिथून पाणी शिरतं आणि गंज धरतो. डिकी लावताना जोर लागत असेल, किंवा दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या नसतील, तर पत्रा सरकलेला आहे. धडक पुढून असेल तर रेडिएटर सपोर्ट आणि एसीचा कंडेन्सर तपासा. कंडेन्सरला बारीक चीर गेली तर गॅस हळूहळू उडतो आणि एप्रिल-मेच्या उन्हात ते कळतं. म्हणून माझं ठाम मत आहे की बंपर उतरवल्याशिवाय पैशाचा आकडा बोलू नये.

जागेवर गाड्या हलवण्याआधी फोटो काढावेत. दोन्ही गाड्या एका चौकटीत, दोन्ही नंबर प्लेट, रस्त्यावरच्या ब्रेकच्या खुणा, आणि जागा ओळखू येईल असा मैलाचा दगड किंवा पंप. समोरच्याचं लायसन्स, आरसी आणि विम्याचा कागद यांचेही फोटो घ्या. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला की विमा चालू आहे का ते दिसतं. कापसाच्या हंगामात धडक ट्रॅक्टर-ट्रॉलीची असेल तर ट्रॉलीचे कागद वेगळे मागा, कारण कायद्याने तिची नोंदणी ट्रॅक्टरहून स्वतंत्र असते. विमा नसताना गाडी रस्त्यावर आणणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम 196 खाली गुन्हा आहे. पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद, 2,000 रुपये दंड किंवा दोन्ही. पण तो दंड सरकारजमा होतो. आपली भरपाई मग मालकाच्या खिशातूनच काढावी लागते.

पोलिसांकडे 112 वर फोन करा किंवा ठाण्यात जा. फक्त गाडीचं नुकसान असलं की ठाणे अंमलदार "आपसात मिटवा" म्हणतात. तरी लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि घटनास्थळ पंचनाम्याची प्रत मागा. समोरच्याच्या विम्यातून पैसे हवे असतील तर हा कागद सगळ्यात जड ठरतो.

आता पैसे कुठून येतील? वाटा तीन: समोरचा रोख देतो, आपल्याच विम्याचा ओन डॅमेज क्लेम (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा), किंवा समोरच्याच्या थर्ड पार्टी विम्यावर (त्याच्या गाडीने दुसऱ्याचं केलेलं नुकसान भरून देणारा) दावा. बहुतेक जण दुसरी वाट फुकट समजतात. हिशेब मांडून बघू. गाडी 1,200 सीसीची, वय चार वर्षांच्या थोडं पुढे, झीरो डेप (घसारा न कापणारं जादा कवच) नाही. बंपर आणि टेल लॅम्प मिळून 10,000, डिकीचा दरवाजा आणि बीम 17,000, मजुरी 6,000, रंगकाम 10,000, एकूण 43,000. प्लास्टिकवर 50 टक्के घसारा (भाग जुना झाला म्हणून होणारी कपात), म्हणजे 5,000 गेले. चार ते पाच वर्षांच्या गाडीच्या लोखंडी भागांवर 35 टक्के, म्हणजे 5,950. रंगकामात मालाचा वाटा 25 टक्के धरतात आणि त्यावर 50 टक्के कापतात, म्हणजे 1,250. वर 1,500 सीसीपर्यंतच्या गाडीची सक्तीची कपात 1,000. आपल्या खिशातून 13,200.

शिवाय नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल ओन डॅमेजच्या हप्त्यात मिणारी सूट, शून्यावर येतो. पुढच्या नूतनीकरणाला 50 टक्के मिळणार होता आणि ओन डॅमेजचा मूळ हप्ता दरवर्षी 8,000 धरला, तर दरवर्षी 20, 25, 35, 45 टक्के असं पुन्हा चढत 50 ला पोचेपर्यंत एकूण 10,000 रुपये जास्त भरावे लागतात. म्हणजे 43,000 च्या कामात 23,200 आपलेच. रोख तडजोडीला बसताना हा आकडा लिहून समोर ठेवावा. "तुमचा विमा आहे ना, मग कशाला मागता?" याचं उत्तर त्यातच आहे.

इथे एक धोका आहे. आपण क्लेम करणार असू तर समोरच्याला "आता काहीही मागणी नाही" असं लिहून देऊ नये. आपल्या कंपनीचा त्याच्याकडून वसुली करण्याचा हक्क त्याने जातो आणि कंपनी क्लेमवर आडवी येऊ शकते. पैसे घेतलेच तर कशापोटी घेतले ते लिहा.

थर्ड पार्टीची वाट मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातून जाते. अर्ज अपघाताच्या ठिकाणी किंवा आपण राहतो तिथेही करता येतो, म्हणजे सुरतेच्या गाडीने धुळ्याजवळ ठोकलं तरी सुरतेला जावं लागत नाही. 2022 पासून अपघातानंतर सहा महिन्यांत अर्ज करण्याची तरतूद लागू आहे. चालक, मालक आणि विमा कंपनी तिघांना पक्षकार करा. मालमत्तेच्या नुकसानीची विम्याची मर्यादा साधारण 7.5 लाख असते, पण हप्ता वाचवायला मालकाने ती 6,000 वर आणलेली असू शकते. मग वरचे पैसे त्याच्याकडूनच मागावे लागतात. बंपर-डिकीच्या कामासाठी ही वाट मला परवडणारी वाटत नाही. वकिलाची फी आणि तारखा यांतच जीव जातो. चेसिसपर्यंत नुकसान गेलं असेल आणि आपला फक्त थर्ड पार्टी विमा असेल, तर मात्र हीच वाट धरावी.

क्लेमची खबर कंपनीला लगेच द्या आणि सर्व्हेअरने (नुकसान मोजायला कंपनी पाठवते तो माणूस) बघेपर्यंत गाडी खोलू देऊ नका. पहिल्या अंदाजपत्रकात लपलेलं नुकसान नसतंच. खोलल्यावर तुटका ब्रॅकेट किंवा वाकलेला बीम निघाला की काम थांबवून पुरवणी अंदाजपत्रक द्या आणि सर्व्हेअरची मंजुरी घ्या. आधी बदललं आणि मग सांगितलं, तर तो भाग बिलातून उडतो. जुने भाग टाकू नका, कंपनी मागते.

डेंटिंग-पेंटिंगवर डोळा ठेवा. पत्रा ओढून सरळ करण्याऐवजी जाड पुट्टी भरली की वर्षा-दोन वर्षांत तडे जातात. चुंबक धरून बघा, जाड पुट्टीवर तो नीट चिकटत नाही. रंग बेकिंग बूथमध्येच करून घ्या. आपल्याकडच्या उन्हाळ्यात उघड्यावर रंग मारला तर वरचा थर आधी सुकतो, आतला थिनर अडकतो आणि नंतर बारीक फोड येतात. धूळ बसते ती वेगळीच. मेटॅलिक रंग शेजारच्या पॅनलवर थोडा मिसळून मारला नाही तर उन्हात पट्टा दिसतो. म्हणून गाडी ताब्यात घ्यायची ती दिवसा, शेडच्या बाहेर काढून. डिकी चारदा लावून बघा, रिव्हर्स सेन्सर आणि कॅमेरा तपासा, आणि धडक चाकाजवळ बसली असेल तर व्हील अलाइनमेंटचा छापील रिपोर्ट हातात आल्याशिवाय समाधानपत्रावर (काम पसंत असल्याच्या कागदावर) सही करू नका.