पालथं घालताना

पेशंटला पालथं घातलं की नातेवाईक दचकतात. "अहो सिस्टर, असं कसं झोपवलंत?" एआरडीएस या गंभीर आजारात फुप्फुसाला सूज येऊन पाणी साचतं, पाठीकडचा भाग मिटतो, पालथं केलं की तो उघडायला लागतो. 2013 च्या, मुख्यतः फ्रान्समध्ये झालेल्या अभ्यासात गंभीर रुग्णांना सलग किमान 16 तास असं ठेवल्यावर 28 दिवसांतले मृत्यू निम्म्यावर आले.

पलटताना एक जण डोक्याशी, फक्त श्वासाची नळी धरून. बाकीचे चादरीला. गालाखाली, छातीखाली उशा. तरी तोंड सुजतंच.

व्हेंटिलेटरचा श्वास मात्र बेताचा: किलोमागे 6 मिली, तोही उंचीवरून काढलेल्या वजनावर. म्हणून नवा पेशंट आला की मी आधी टेप काढते. पोट सुटलं म्हणून फुप्फुस थोडंच वाढतं!