शेजारच्या काकी आणि एक्स-रेची लाईन

गणपतीला मालवणला घरी गेलेलो, तर आरती संपते न संपते तोच शेजारच्या काकींनी पकडलं, "आमच्या झिलाक तुझ्या एक्स-रेच्या लायनीत घालूचा आसा, डॉक्टर होतलो मां?" म्हटलं काकी थांबा, मी डॉक्टर नाय, टेक्निशियन.

रिपोर्टखाली सही करतो तो रेडिओलॉजिस्ट, त्याला साडेपाच वर्षांचं एमबीबीएस, मग नीट पीजीची प्रवेश परीक्षा, मग ३ वर्षं एमडी, आणि या ब्रँचला रँक एवढा वरचा लागतो की विचारू नका. आमचं म्हणजे बारावी सायन्स, मग इमेजिंगची ३ वर्षांची बीएससी, वर इंटर्नशिप. मशीन चालवणं जमतं हो, पण खांदा निखळून ओरडणाऱ्या खलाशाला न हलवता प्लेटसमोर उभं करणं कुठल्या पुस्तकात नसतं, आणि फोटो हलला की परत काढायचा म्हणजे त्याला परत किरणांचा डोस.

पुढचा प्रश्न ठरलेलाच, "किरणांनी काय होणा नाय मां?" तर लेड (शिशाच्या) एप्रनच्या आत छातीवर टीएलडी बॅज, म्हणजे अंगाला किती किरणं लागली ते मोजणारा बिल्ला असतो, तो दर ३ महिन्यांनी तपासायला जातो, मर्यादा ५ वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलीसिव्हर्ट (किरणांचा डोस मोजायचं एकक). (माझ्या पहिल्या नोकरीत बॅज ड्रॉवरातच पडून असायचा, भांडून घेतला.) एमआरआयमध्ये तर एक्स-रे नसतातच, तिथे भीती चुंबकाची.

काकींचा झील, म्हणजे मुलगा, मागे उभा राहून मोदक खात होता, एवढ्या भाषणावर त्याने एकच विचारलं, "दादा, रात्रपाळी असता?"

असते म्हटलं. दुसरा मोदक उचलला त्याने.