अठ्ठ्याण्णव!

आज अण्णांना मंडईत घेऊन गेले. वय 81. गेले वर्षभर घरात एकच कुजबुज, "अण्णा विसरायला लागलेत." काल सांगितलेलं आज आठवत नाही, विचारावं एक तर उत्तर दुसरंच.

महिन्यापूर्वी कान तपासले, तर ऐकूच अर्धवट येत होतं. जे कानातच शिरलं नाही ते डोक्यात राहणार कुठून? आणि आम्ही त्यांच्या उशाशी बदामाची बरणी ठेवत होतो!

नंतर वाचलं, 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या 2024च्या अहवालात डिमेन्शियाचा, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा, धोका वाढवणारी पण टाळता येण्याजोगी 14 कारणं दिली आहेत. ऐकू कमी येणं त्यातलंच एक. उच्च रक्तदाब, मधुमेह, एकटेपणाही आहेत. कानाचं यंत्र घालायला अण्णा आठवडाभर तयार नव्हते. "मी काय म्हातारा झालोय?" यावर काय बोलणार!

तर मंडईत. बटाटे 28 रुपये किलो, घेतले साडेतीन किलो. भाजीवाला मोबाइल काढून आकडे दाबतोय तोवर शेजारून आवाज, "अठ्ठ्याण्णव." तो बघतच राहिला. अण्णा म्हणाले, "औटकी, बाळा. साडेतीनचा पाढा. पावकी, निमकी, सवायकी, दिडकी... सगळं छडीखाली पाठ केलंय."

मग येतानाच्या रिक्षात त्यांनी माझी पाऊणकी घेतली. मी बारावर अडकले.

बटाट्यांची पिशवी मात्र दोघंही रिक्षातच विसरलो.