चर्चचा पियानो 435 ला, माझी फ्लूट 442 ची

पूलांक या फ्रेंच संगीतकाराच्या फ्लूट सोनाटाच्या पहिल्या भागाने अखेर हात टेकले. सुरुवातीचे ते वरून घरंगळणारे सूर छापलेल्या लयीला (मिनिटाला 82 ठोके) स्वच्छ निघतायत, उजवी करंगळी मध्ये लुडबुडत नाही. त्या आनंदात लीड्समधल्या चर्चमध्ये पहिली तालीम केली. दुपारची मैफल इथेच आहे. आनंद तिथेच संपला.

पियानो 435 ला! म्हणजे त्याचा ए हा सूर सेकंदाला 435 कंपनांचा, आणि माझी फ्लूट 442 ला बनवलेली. साथीच्या बाईंनी ए दिला आणि ट्यूनरचा काटा नेहमीच्या 440 पेक्षा वीस सेंट खाली (शंभर सेंट म्हणजे अर्धा सूर). सगळा एकसारखा उतरलाय, त्यामुळे एकटा वाजला तर गोडच लागतो. इतका उतरलेला पियानो एका बैठकीत वर ओढला तर टिकत नाही, हेही खरं. देखभाल बघणारे गृहस्थ म्हणाले, लोक सँडविच खात ऐकतात, कोणाला कळतंय? मला कळतंय ना!

मग हेडजॉइंट, म्हणजे फ्लूटचा तोंडाकडचा तुकडा, बाहेर ओढून नळी लांबवणं आलं, जवळजवळ सहा मिलिमीटर. (पाउंडाचं नाणं 2.8 मिमी जाड असतं. फटीला दोन नाणी लावून बघायची, माप मिळालं.) ए जुळला, बाकीचं घर फिरलं. लांबी सगळ्या सुरांना सारखीच वाढते, पण आखूड नळीच्या सुरांना ती जास्त बाधते. हिशेबाने खालचा सी 16 सेंट उतरतो आणि मधला सी शार्प 33. एरवी चढेल म्हणून ज्याला शिव्या घालतो तो सी शार्प आता ओठांनी वर ढकलायचा, आणि खालचे सूर दाबायचे. महिनोन्महिने घोटलेली एम्बुशर (ओठांची ठेवण) उलटी चालवायची!

सगळ्यात वाईट कँटिलेना, सोनाटाचा दुसरा भाग. पहिल्या दोन बारमध्ये (तालाच्या घरांत) फ्लूट आणि पियानो एकमेकांच्या मागून तेच सूर घेतात, लपायला जागा नाही. त्यात चर्चमध्ये चौदा अंश. नळीतली हवा एका अंशाने तापली की सूर साधारण तीन सेंट चढतो. म्हणजे गार फ्लूट सुरुवातीला पियानोच्या जवळ असते आणि वाजवता वाजवता पळून जाते. दोन भागांच्या मध्ये थोडं थोडं ओढून पाहिलं. शेवटच्या भागापर्यंत, म्हणजे प्रेस्टोपर्यंत, जमतं, पण लक्ष सगळं फटीकडे.

जाता जाता: फोनवरचं ट्यूनर ॲप दगडी घुमाऱ्यात काहीही दाखवतं. चिमट्याचा पिकअप (वाद्यालाच अडकवायचा, थेट त्याची कंपनं पकडणारा) लावा, स्वस्तातलाही चालतो.

कार्यक्रमातली फोरे या संगीतकाराची फँटसी मात्र मस्त बसली. तिच्या अँडँटिनो या पहिल्या, संथ भागातले लांब श्वास आता पुरतात.

हे लिहिता लिहिताच सुचलं. पियानोशी भांडायच्या आधी फ्लूट तापवून घ्यायची असेल, तर पियानो नसलेलं काहीतरी आधी वाजवायचं. देबुसीचं सिरिंक्स! 1913 मध्ये ते नाटकासाठी लिहिलं गेलं आणि रंगमंचाआडूनच वाजलं. मग मीही आतल्या खोलीतून का नाही वाजवायचं? तिथे हीटर आहे. लोकांना गंमत वाटेल आणि फ्लूट तापून बाहेर येईल. हेडजॉइंट एकदाच ओढायचा, नंतर हात लावायचा नाही.

वेळ चाळीस मिनिटांचीच, म्हणजे कार्यक्रमातला एनेस्कू (त्या संगीतकाराची रचना) गाळावा लागेल. बाईंनी त्याचा प्रेस्टो एवढा घासलाय की हे फोनवर सांगायची हिंमत नाही. गुरुवारी आतल्या खोलीचं दार उघडं ठेवून आवाज किती बाहेर येतो ते बघते. दगडी इमारतीत आडून वाजवलंय का कोणी? सिरिंक्सचा शेवटचा खालचा सूर, डी फ्लॅट, मागच्या बाकापर्यंत पोचतो का?